पाटलाच्या ओसरीवरचं जाळं

मिरग लागल्यावर कोसमतळ्याला आलात, तर एक गोष्ट तुमच्या डोळ्यांत भरल्याशिवाय राहणार नाही. तलावाच्या पाळीवरून खाली उतरलं की आधी वरची टोली लागते, कोहळ्यांची वस्ती. धान पिकवणारी माणसं. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी मासा धरला नाही. पण त्यांच्याच ओसरीवर, जू आणि कासरा टांगायच्या खुंटीला, माशांची जाळी लोंबत असतात. कुणाकडे दोन, कुणाकडे तीन. उंदरांनी कुरतडू नये म्हणून वर कडुनिंबाचा पाला खोचलेला असतो. घरची म्हातारी दर आठ दिवसांनी जाळं उतरवते, झटकते, ऊन दाखवते आणि पुन्हा टांगते. सुनेच्या लुगड्याची घडी घालणार नाही इतक्या निगुतीनं.

पाहुणे विचारतात, "मासे धरता का हो तुम्ही?"

"आमी कोठचे? ढिवरांची हाये ती."

"मग तुमच्याकडे कशी?"

"राखाले."

एवढंच सांगून म्हातारी आत जाते. पुढचं ऐकायचं तर पाळीवर कोसमाच्या झाडाच्या सावलीत बसावं लागतं. बसा.

हा तलाव कोहळ्यांच्या पूर्वजांनी बांधला, असं सांगतात. दोन टेकड्यांच्या मधली फट मातीनं भरली आणि पाणी अडवलं. पाळीच्या पोटात दगडी तुडुम केलं, म्हणजे पाणी सोडायची जागा. त्याला एकाखाली एक पाच भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडाचा दट्ट्या. धानाला पाणी लागेल तसा वरून एकेक दट्ट्या काढत जायचं. चार भोकांचे दट्टे हातानं निघतात. पाचवं भोक तळाचं. त्याचा दट्ट्या कायम पाण्याखाली, तो हाताला येत नाही. त्याला लांब बांबूवर बसवलेला लोखंडी आकडा लागतो. तो आकडा पाटलाच्या घरी असे. तळाचं भोक उघडलं की तलाव म्हणजे नुसता चिखल.

पाणी कोहळ्यांचं आणि पाण्यातली मासळी ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, अशी वाटणी होती. वाटणी सोपी वाटते. पण पाण्यातून मासळी वेगळी कशी काढणार? पाऊस बरा झाला की दोन्ही टोल्या गोडीनं राहत. पाऊस रुसला की पाळीवर भांडण उभं राही. "आमच्या आज्यानं पाळ बांधली," कोहळी म्हणत. "तुमच्या आज्यानं मासे बनवले का गा?" ढिवर म्हणत. गावाचा मालक मालगुजार, तो दूर शहरात राही. त्याला दोघांकडून त्याचा हिस्सा पोचला की पुरे. कोण कुणाचं डोकं फोडतो, याची त्याला चौकशी नव्हती.

त्या काळची ही गोष्ट.

खालच्या टोलीत, ढिवरांच्या, बिसनी नावाची एक बाई होती. तरणीच होती. नवरा मंगरू तापानं गेलेला. पदरात मूल नाही. पण टोलीत तिला मान होता, कारण तिच्याकडे एक गोष्ट होती जी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. तिला राखणीची खोली ठाऊक होती.

पाळ बांधताना जिथून माती उचलली, तिथं तलावाच्या तळाशी एक खळगा राहिला होता. वरून काही दिसत नाही. पाण्यात उतरून, तुडुमाकडे पाठ करून चालत जायचं. तळव्याला कोमट चिखल लागतो, लागतो, आणि मग एकाएकी माठातल्या पाण्यासारखा गार चिखल लागतो. तीच खोली. उन्हाळ्यात, टंचाईत, तलावातली मोठाली मरळ तिथं जाऊन बसे. जाणत्या मरळी. पुढल्या सालाची आई आणि बाप. त्यांना कुणी धरायचं नाही, आणि धरू नये म्हणून ती जागा कुणाला ठाऊकच ठेवायची नाही, अशी रीत होती. सासू थकत आली की थोरल्या सुनेला पाण्यात नेई, तिचा पाय त्या गार चिखलात ठेववी, आणि म्हणे, "तळव्यानं ध्यानात ठेव. तोंडानं कोनाले सांगू नको. मरळ आहे तोवर पाळ आहे."

मरळीचा आणि पाळीचा काय संबंध, हे सासूनं सांगितलं नाही. बहुतेक तिच्या सासूनंही तिला सांगितलं नसेल. बिसनीनं विचारलं नाही. पुढं म्हणे तिला जन्मभर त्याचीच चुटपुट लागून राहिली.

मग ते साल आलं. मिरग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, हत्तीनं सोंड हलवली नाही. दिवाळीच्या सुमाराला तलावात कंबरभर पाणी उरलं, आणि त्यातच शेतात धान निसवलेलं, लोंब्यांवर आलेलं. कोहळ्यांची चार भोकं उघडून झाली होती. आता फक्त तळाचं उरलं होतं.

एक दिवस बिसनीचा दीर चिंधू बाजारावरून धावत आला. चिंधू टोलीचा म्होरक्या, बोलायला तिखट, पण मनाचा वाईट नव्हे. आल्या आल्या म्हणाला, "वयनी, झालं! पाटलाचा आकडा मी लोहाराच्या भट्टीत पायला. सरळ करून रायला, धार लावून रायला. उद्या-परवा तळाचं भोक उघडते पाटील."

"पाटलाले विचारलं का तुमी?"

"चोराले विचारावं का, चोरी करतेस का म्हनून?"

चिंधू उंबऱ्यावर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "वयनी, पानी गेलं का खोलीत गुडघाभर गढूळ उरन. आठ दिवसांत तेही जाईन. त्या मरळी मंग कावळे खातीन. आपली लेकरं उपाशी, अन् कावळ्यायचं जेवन. तूच सांग, हे बरं का?"

खोटं नव्हतं त्याच्या बोलण्यात काही. बिसनी रात्रभर तळमळली, असं सांगतात, आणि सकाळी लुगडं खोचून पाण्यात उतरली. मागं सगळी टोली जाळी घेऊन उभी. तिचा पाय गार चिखलात टेकला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. नुसता हात वर केला.

तेवढं पुरलं. दुपारपर्यंत पाळीवर मरळींचा ढीग लागला. हातभर लांब, काळ्या पाठीच्या. टोलीनं खाल्ल्या, सुकवल्या, बाजारात नेल्या. बिसनीनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

आणि आडकू पाटलानं आकडा लोहाराकडे कशाला नेला होता? तर गेल्या साली वाकला होता म्हणून. भोक उघडायचं की नाही, हे त्याचं ठरलंच नव्हतं. त्यानं आईला विचारलं होतं आणि आई म्हणाली होती, "थांब, स्वाती नक्षत्राचे चार थेंब पडतीन." पण ढिवरांनी तलाव झाडून काढल्याची बातमी त्याच्या ओसरीवर आली, आणि तो माणूस पेटला. "त्यायनं काहीच ठेवलं नाही, तं आपण पानी कोनासाठी ठेवाचं?" म्हणत स्वतः आकडा घेऊन गेला आणि तळाचा दट्ट्या ओढला.

ढिवर म्हणाले, "पाहा, आमी म्हटलं नव्हतं?" कोहळी म्हणाले, "पाहा, ह्यायची जातच तशी." दोघांचं खरं ठरलं, आणि तलाव रिकामा झाला.

पुढच्या साली देवानं हात सैल सोडला. तलाव काठोकाठ भरला. बारीकसारीक मासळी ओढ्यातून आली, पण मरळ आली नाही. ढिवरांनी आषाढात पाहिलं, श्रावणात पाहिलं, पाण्यावर कुठंच लाली नाही. तुम्हाला म्हणून सांगते, मरळीचं पोर जन्मतं तेव्हा लालभडक असतं. हजार-दोन हजार पोरं एका झुंडीनं पाण्याच्या वरच्या अंगाला फिरतात. लांबून वाटतं, कुणी कुंकवाचा करंडा पाण्यात उलटला. आणि खाली आई-बाप राखण करत असतात. त्या साली कुंकू सांडलं नाही.

मरळ नाही तर दुसरं काय वाढलं? खेकडे. मरळ खेकड्याची पिलं खाते, हे ढिवरांना ठाऊक होतं, पण त्यातून पुढं काय होतं हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. खेकडे वाढले आणि पाळीत शिरले. हात जाईल एवढी भोकं पाडली. धान निसवायला लागलं तेव्हा एके सकाळी पाळीच्या मागच्या अंगाला ओल दिसली. दुपारी ओलीची धार झाली. दोन दिवसांत पाळीला सतरा ठिकाणी पाझर फुटला, आणि भरलेला तलाव डोळ्यांदेखत उतरायला लागला.

दोन्ही टोल्या पाळीवर धावल्या. मातीच्या पाट्या टाकल्या, गवताच्या पेंढ्या कोंबल्या. आडकू पाटलानं एका भोकात खांद्यापर्यंत हात घातला आणि मुठीत खेकडा घेऊनच बाहेर काढला. तो चिडून म्हणाला, "हे कोठून आले इतके?"

मग बिसनी पुढं झाली. चिखलानं भरलेली, डोक्यावर रिकामी पाटी. तिला सासूचं वाक्य तेव्हा कळलं. एक साल उशिरा.

"मी आणले, पाटील," ती म्हणाली. "खोली मी दाखवली. मरळ गेली म्हनून हे आले."

एकदम सगळे बोलायला लागले. कोहळ्यांच्या बायांनी तिला शिव्या घातल्या. ढिवरांच्या बायांनी तर जास्त घातल्या, कारण आपल्या माणसाचं चुकणं आपल्याला जास्त झोंबतं. चिंधू मान खाली घालून उभा होता. बिसनी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ह्या तलावावर लाल पोर दिसन तोवर ह्या तलावातला घास माह्या तोंडात जानार नाही. मासा नाही, कमळाचा कंद नाही, शिंगाडा नाही."

ढिवराच्या बाईनं तलावाचा घास सोडायचा म्हणजे काय, हे तुम्हाला कळायचं नाही. तिनं दुसऱ्याच्या धानात वेचलेल्या लोंब्यांवर दिवस काढायचे, एवढाच त्याचा अर्थ.

पाळ कशीबशी सावरली. अर्धं धान हातचं गेलं. चैत्र लागला तेव्हा बिसनी आपल्या माहेरी निघाली, टेकाटोल्याला. आठ कोस, मधे जंगल. भावाचं नाव भदू. त्यांच्या तलावात मरळ होती.

भदूनं ऐकून कपाळाला हात लावला. "बाई, जोडी देऊ कशी? मरळीत नर कोन अन् मादी कोन, ते तिचं तिलेच माहीत. माह्या बापाले नाही कळलं, मले का कळन?"

"मंग दोन जास्त दे."

त्यानं चार दिल्या. टोपलीला पळसाच्या पानांचं अस्तर लावलं, आत ओला चिखल, त्यात चार मरळी, वर भिजवलेलं फडकं. मरळ पाण्याबाहेरही श्वास घेते. अंग ओलं असेपर्यंत जगते, सुकलं की मेली. भावानं प्यायला पाण्याचा तुंबा दिला आणि म्हणाला, "हे तुह्यासाठी. त्यायच्यासाठी वाटेत नाले हायेत."

पण चैत्रातले नाले कोरडे. पहिल्या नाल्यात रेती उकरून तिनं झिरा काढला, ओंजळ ओंजळ पाणी जमलं, ते टोपलीवर शिंपडलं. दुसऱ्या नाल्यात कोपरापर्यंत उकरलं तरी रेती कोरडी. मग तिनं तुंबा उघडला आणि स्वतः न पिता सगळा टोपलीवर रिता केला. असं म्हणतात की त्या दुसऱ्या नाल्यात आता झरा आहे, भर वैशाखात वाहतो. मी पाहिलेला नाही. पण टेकाटोल्याला लेक दिली की तिला तो दाखवतात.

ती कोसमतळ्याला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. ओठ फुटलेले. पण पाण्याकडे न जाता ती पाळीवर टोपली घेऊन बसली आणि दोन्ही टोल्यांना बोलावणं धाडलं.

चिंधू धावत आला. "वयनी, बसलीस काय? सोड ना वो पान्यात!"

"सोडून का करू? मिरग लागला का तुमी धरसान. धरलं नाही तं पाटील पानी सोडन. टोपलीत मरू देईन मी ह्यायले, पन मागच्यासारखं मरू देनार नाही."

पाटील आला. त्याची म्हातारी आई ठकूमायही काठी टेकत आली. कमरेत वाकलेली, जीभ मात्र ताठ. सगळे जमल्यावर बिसनीनं आपलं मागणं सांगितलं. मिरगापासून मरळीची पोरं मोठी होईतोवर ढिवरांची सगळी जाळी कोहळ्यांच्या घरी राहतील. आणि तळाच्या भोकाचा आकडा बारा महिने ढिवरांच्या घरी राहील.

झालं. पाळीवर कल्लोळ उठला.

"जाळं म्हंजे आमचा हात," ढिवर म्हणाले. "हात तोडून दुसऱ्याच्या खुंटीले टांगावा का?"

"अन् आकडा म्हंजे आमच्या धानाची मान," कोहळी म्हणाले. "ती ढिवराच्या मुठीत देऊ?"

"आमी जाळी दिली अन् ह्यायनं जाळली तं?"

"ह्यायले आकडा दिला अन् दुष्काळात नाहीच म्हटलं तं?"

"म्हनूनच तं," बिसनी म्हणाली. "तुमची मान त्यायच्या मुठीत, त्यायचा हात तुमच्या खुंटीले. एकानं ओढलं तं दुसराही ओढन."

बोलणी वाढत गेली. ऊन वाढत गेलं. टोपलीतून मधेच 'चप्' असा आवाज येई, मरळ तोंड उघडून हवा घेई तो. लोक भांडत होते आणि बिसनी तो आवाज मोजत होती. आधी चारांचा येत होता. मग तिला वाटलं, कमी झाला. तिनं फडकं उचललं. एक मरळ उताणी झाली होती. तिनं ती बाहेर काढली आणि सगळ्यांसमोर पाळीवर ठेवली. तरी माणसं भांडत राहिली, मात्र आवाज जरा खाली आला. थोड्या वेळानं दुसरी ठेवली.

आता टोपलीत दोनच उरल्या होत्या. चिंधू पुढं आला. "वयनी, पाया पडतो. सोड."

बिसनी उठली, आणि पाण्याकडे न जाता घराकडे गेली. लोकांना वाटलं, रागावली. परत आली तेव्हा खांद्यावर मंगरूचं जाळं होतं. अंबाडीच्या सुताचं, ऐनाच्या सालीच्या काढ्यात रंगवलेलं. मंगरूनं आजारात पडल्या पडल्या शेवटच्या गाठी मारल्या होत्या. नवऱ्याचं म्हणावं असं तिच्या घरात तेवढंच होतं. चिंधूनं दोनदा मागितलं होतं, तिनं दिलं नव्हतं. ती सगळ्यांमधून सरळ पाटलाच्या घरी चालत गेली, ओसरी चढली, खुंटीवरचं जू खाली उतरवलं आणि तिथं जाळं टांगलं. मग परत येऊन टोपलीपाशी बसली.

ठकूमायनं काठी आपटली.

"आडकू! रांडमुंड बाईनं नवरा आनून तुह्या ओसरीवर टांगला. तुले एक लोखंडाचा तुकडा जड झाला का रे?"

पाटील घरी गेला, आकडा खांद्यावर घेऊन आला, आणि ढिवरटोलीची वाट त्याला ठाऊक नव्हती म्हणून चिंधूला म्हणाला, "चाल गा. तुहं घर कोन्तं ते दाखव."

बिसनीनं तेव्हा टोपली पाण्यात टेकवली. दोन मरळी क्षणभर तशाच पडून राहिल्या. मग एकीनं शेपूट हलवलं. मग दुसरीनं. चिखलाचा एक ढग उठला, आणि पाणी निवळलं तेव्हा तिथं काही नव्हतं.

पण खरी कळ पुढंच होती. दोन सोडल्या, मान्य. त्यात एक नर आणि एक मादी होती का? दोन्ही नर असतील तर? दोन्ही माद्या? कुणाला सांगता येत नव्हतं. मिरगाला सगळी जाळी वरच्या टोलीत गेली. आणि हात बांधून बसलेल्या ढिवरांच्या चुली कशा पेटणार, हा प्रश्न पहिल्या आठ दिवसांतच उभा राहिला. तेव्हा ठकूमायनंच घराघरातून धान काढायला लावलं. "हात आपल्या खुंटीले टांगला तं तोंडही आपल्यालेच भरा लागन," ती म्हणाली. लोकांनी कुरकुरत दिलं, कुरकुरत घेतलं.

आषाढ गेला. लाली दिसली नाही. ढिवर म्हणायला लागले, "दोन्ही नरच दिसते. जाळी परत करा, बारीक मासे तरी धरू." कोहळी म्हणाले, "खोटं कशावरून नाही? आमी तं पान्यात उतरत नाही, तुमी सांगसान ते ऐकाचं?" गोष्ट पुन्हा तिथंच आली, जिथून मोडली होती. तेव्हा बिसनी म्हणाली, "मंग पाटलानं उतरावं. माह्यासोबत. त्यायच्या डोळ्यानं पाहावं."

कोहळ्यांनी तलाव बांधला, पण तलावात घोट्याच्या वर ते कधी गेले नव्हते. श्रावणातल्या सोमवारी आडकू पाटील धोतर खोचून पाण्यात उतरला. दोन्ही टोल्या पाळीवर उभ्या.

"पाटील, धोतर वर घ्या, वर!" ढिवरांच्या बाया ओरडल्या.

"आनखीन वर घेतलं तं गाव सोडा लागन त्याले," ठकूमाय म्हणाली.

बिसनी पुढं, पाटील मागं. कंबरभर पाणी, मग छातीभर. कमळाची पानं बाजूला सारत दोघं फिरली. एक चक्कर झाली, दुसरी झाली. कुठंही लाल काही दिसेना. बिसनीचे पाय सुन्न झाले होते. तिला वाटलं, आता परत फिरायचं आणि जाळं खुंटीवरून काढायचं, आणि मग आपल्या तोंडात घास जाणार तो कुठला?

तेवढ्यात मागून पाटील किंचाळला.

"अगं माय! चावलं! चावलं वो काहीतरी!"

तो एका पायावर नाचायला लागला, पाणी उसळलं. पाळीवर हशा पिकला. लोकांना वाटलं, पायात काटा गेला आणि पाटील घाबरला. पण ढिवरांच्या जाणत्या म्हाताऱ्या हसल्या नाहीत. त्या एकदम ताठ उभ्या राहिल्या. मरळ माणसाला चावत नाही. माणूस दिसला की पळते. एकच वेळ अशी असते की ती पळत नाही, उलट अंगावर येते. जेव्हा तिच्यामागं पोरं असतात.

बिसनी पाण्यातून ओरडली, "कोठं? पाटील, हालू नका! जागा सांगा, कोठं लागलं?"

पाटलानं बोटानं दाखवलं. तिनं कमळाचं एक रुंद पान हलकेच उचललं. पानाखाली पाणी लाल होतं. लाल आणि जिवंत, सरसर हलणारं. मुठीएवढं, मग सुपाएवढं, मग परत मुठीएवढं.

बिसनी रडली की हसली, याबद्दल लोक वेगवेगळं सांगतात. पाटलाबद्दल मात्र सगळे एकच सांगतात. पोटरीतून रक्त येत असताना तो माणूस तिथंच छातीभर पाण्यात उभा राहिला, हात जोडून. आणि पुन्हा एकदा चावून घेतलं म्हणे.

त्याच संध्याकाळी ठकूमायनं बिसनीला घरी बोलावलं, आणि तिच्या पानात ठेवणीतले शिंगाडे वाढले, ह्याच तलावातले.

त्यानंतर किती पाणी वाहून गेलं. मालगुजार गेले, तलाव सरकारचा झाला, मच्छीमारांची सोसायटी झाली, शहरातून रोहू-कतला माशांचं बी पिशव्यांतून येतं. मत्स्यखात्याचे साहेब आले होते, नियम लिहून घ्यायला. त्यांना लोकांनी सांगितलं, लिहा, पण आकडा कुठं राहतो तेही लिहा. दुष्काळात कोहळ्यांना तळाचं पाणी लागलं तर ते ढिवरांकडे मागायला येतात, आणि दोन्हीकडचं एकेक माणूस उतरून किती सोडायचं ते पाहतं. कधी देतात, कधी भांडतात. भांडण बंद झालं असं कुणी सांगितलं तर खरं मानू नका.

आजही श्रावणातल्या सोमवारी दोन्ही टोल्या पाळीवर जमतात. ढिवरांची एक बाई पुढं उतरते, आणि तिच्या मागं वरच्या टोलीचा एक माणूस. वर्षभरात ज्यानं सगळ्यात जास्त कुरकुर केली असेल, त्यालाच उतरवतात. मग तो सरपंच का असेना. पाळीवरून त्याच्या धोतराची, आता पॅंटची, चेष्टा चालते. आणि तो पाण्यात ओरडला की चेष्टा एकदम थांबते. दुखलं का, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. सगळी पाळ एका आवाजात विचारते, "कोठं?" तो बोट दाखवतो, आणि ती बाई त्या जागी बांबू रोवते, तिकडं कुणी फिरकू नये म्हणून.

एखाद्या साली कुणालाच काही चावत नाही. त्या साली लोक गुपचूप घरी जातात, आणि जाळी खुंटीवरून उतरत नाहीत.